नोकरी सांभाळून फ्रँचायझी घेण्यापूर्वी करावयाचा विचार

बेळगावच्या पश्चिमेस, वेंगुर्ला मार्गालगत सुमारे दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या उचगाव व आसपासच्या गावांतील जीवन शेती व नोकरी या दोन्हींवर उभे आहे. घरातील एखादी व्यक्ती शेत पाहते, दुसरी उद्यमबाग, मच्छे अथवा महाराष्ट्राच्या हद्दीतील शिनोळी येथील कारखान्यात जाते, तिसरी शाळेत किंवा कार्यालयात असते. महिन्याचा पगार निश्चित असला तरी मुलांचे शिक्षण, घरबांधणी व लग्नकार्ये यांचा खर्च त्यापेक्षा वेगाने वाढतो. अशा वेळी एखाद्या प्रसिद्ध नावाचे दुकान घ्यावे, ते नोकरांच्या हाती चालवावे व आपली नोकरीही चालू ठेवावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. जाहिरातीही हेच सुचवितात. हा विचार सर्वस्वी चुकीचा नव्हे. परंतु त्यात बहुधा आयुष्यभराची शिल्लक गुंतते आणि काही बाबतींत नोकरीही धोक्यात येते. म्हणून या व्यवसायाचे स्वरूप, त्यास लागू होणारे नियम आणि त्याचा हिशेब यांचा क्रमाने विचार करणे आवश्यक आहे.

फ्रँचायझी म्हणजे काय?

सीमाभागाला दलाली, अडत व एजन्सी हे व्यवहार नवे नाहीत. निपाणीच्या तंबाखू बाजारात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एजंट दुसऱ्याचा माल विकतो व त्यावर कमिशन घेतो. फ्रँचायझीत यापेक्षा अधिक काही असते. मूळ संस्था आपले नाव, बोधचिन्ह, पदार्थाची कृती, दुकानाची ठेवण व कामाची पद्धत ठरावीक मुदतीकरिता वापरू देते. त्याबद्दल केंद्रचालक आरंभी एक रक्कम देतो व पुढे विक्रीवर ठरावीक टक्के स्वामित्वशुल्क, म्हणजे रॉयल्टी, देत राहतो. दुकान केंद्रचालकाच्या पैशाने उभे राहते; नाव मात्र दुसऱ्याचे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास पुढील अनेक प्रश्न सोपे होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत सिंगर शिवणयंत्रांच्या विक्रीत या पद्धतीची सुरुवात दिसते. १९५५ मध्ये रे क्रॉक यांनी इलिनॉय राज्यात मॅकडोनाल्ड्‌सचे उपाहारगृह उघडले, त्यानंतर खाद्यपदार्थांच्या धंद्यात ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे २००१ मध्ये मुंबईत मालाड येथे आरंभ झालेले जम्बोकिंग व २००४ मध्ये कल्याण येथे पहिले दुकान उघडलेले गोली वडापाव यांनी वडापावासारख्या घरगुती पदार्थालाही हे रूप दिले.

शिक्षणक्षेत्रातही याच्या जवळचे एक उदाहरण आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम अधिकृत केंद्रांमार्फत गावोगाव पोहोचविला. केंद्राची जागा, संगणक व चालक स्थानिक. अभ्यासक्रम, परीक्षा व नाव महामंडळाचे. या केंद्रांना विद्यार्थी मिळण्यात शासकीय सेवेतील संगणक अर्हतेच्या अटीचा मोठा वाटा होता. उचगावच्या वाचकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, मागणी कोठून निर्माण होते हे प्रथम पाहावे. कर्नाटक शासनाने २०१२ च्या नियमान्वये आपल्या कर्मचाऱ्यांकरिता स्वतंत्र संगणक साक्षरता परीक्षा ठेवली आहे. म्हणजे चंदगड तालुक्यात ज्या प्रमाणपत्राला नोकरीच्या दृष्टीने किंमत आहे, त्याला काही किलोमीटर अलीकडे तीच किंमत असेल असे नाही. नाव तेच राहते, पण सीमा ओलांडली की त्याचे मोल बदलू शकते.

प्रथम नोकरीचे नियम पाहावेत

पैशाचा हिशेब करण्यापूर्वी सेवाशर्तींचा विचार करणे अगत्याचे आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांतील नियम १५ प्रमाणे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणताही व्यापार किंवा धंदा करता येत नाही. महाराष्ट्रात १९७९ चे आणि कर्नाटकात २०२१ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांचाही रोख हाच आहे. अनुदानित शाळांतील शिक्षक, सहकारी बँकांतील व महामंडळांतील सेवक यांनी आपापल्या संस्थेचे सेवानियम मागवून वाचावेत.

यावर एक उपाय नेहमी सुचविला जातो: दुकान पत्नीच्या अथवा भावाच्या नावे घ्यावे. याबाबत स्पष्टता असावी. कुटुंबातील व्यक्तीने स्वतःच्या बळावर व्यवसाय करण्यास मनाई नाही. परंतु उपरोक्त केंद्रीय नियमानुसार कुटुंबातील कोणी व्यापारधंदा करीत असल्यास कर्मचाऱ्याने तसे शासनास कळविले पाहिजे. विमा अथवा कमिशन एजन्सीसारखा कुटुंबीयांचा धंदा असेल, तर त्याकरिता कर्मचाऱ्याने शिफारस वा प्रचार करणे हाही नियमभंग मानला जातो. पत्नीचे नाव केवळ कागदावर, आणि पैसा, निर्णय व देखरेख सर्व कर्मचाऱ्याची, अशी स्थिती असेल तर चौकशीच्या वेळी ते नाव संरक्षण देत नाही. याउलट पत्नी स्वतः दुकान चालविणार असेल, खाते तिचे असेल व कार्यालयास लेखी कळविले असेल, तर मार्ग सरळ आहे.

खासगी कारखान्यातील कामगाराने नियुक्तिपत्र व स्थायी आदेश वाचावेत. पुष्कळ नियुक्तिपत्रांत अन्य व्यवसाय न करण्याची अट असते. लेखी परवानगी मागितल्यास ती कित्येकदा मिळते. न मागता केलेला धंदा उघडकीस आला तर वीस वर्षांची नोकरी पणास लागते.

वेळेचा हिशेब

सकाळी आठला घर सोडून सायंकाळी साडेसहाला परतणाऱ्या माणसाकडे दुकानासाठी किती वेळ उरतो? चहा-नाश्त्याच्या दुकानाची गर्दी सकाळी सात ते दहा व सायंकाळी चार ते सात या वेळांत असते. म्हणजे ज्या वेळी गल्ल्यावर धन्याची नजर हवी, नेमका त्याच वेळी तो कारखान्यात किंवा वर्गात असतो. उचगावात मळेकरणी देवीच्या दर्शनाकरिता भाविक येतात. विशेषतः मंगळवारी व शुक्रवारी. हे दोन्ही कामाचे वार होत. आठवड्यातील सर्वांत चांगल्या विक्रीचे दिवस असे मालकाच्या अनुपस्थितीतच जातात.

म्हणून नोकरदाराचे दुकान वास्तविक व्यवस्थापकाचे दुकान असते. विश्वासू, हिशेबी व टिकाऊ व्यवस्थापक मिळणार आहे काय, आणि तो रजेवर गेल्यास त्याच्या जागी कोण उभा राहील, हा पहिला प्रश्न होय. घरातील सज्ञान व्यक्ती हे काम करणार असल्यास तिच्या श्रमाचे मोल हिशेबात धरावे. ते शून्य धरले की तोट्याचे दुकानही नफ्याचे दिसू लागते.

पैशाचा हिशेब

पुढील आकडे केवळ समजण्याकरिता घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, दरमहा ३२,००० रुपये पगार असलेला एक कामगार उचगाव फाट्यावर चहा-नाश्त्याची फ्रँचायझी घेऊ इच्छितो. आरंभीचा खर्च असा येतो:

- फ्रँचायझी शुल्क २,००,००० रुपये व त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर ३६,००० रुपये
- सजावट, फर्निचर व उपकरणे ४,५०,००० रुपये
- जागेची अनामत ६०,००० रुपये
- मूळ संस्थेकडील अनामत ५०,००० रुपये
- पहिला माल ५४,००० रुपये
- आरंभीच्या महिन्यांतील तुटीसाठी राखीव १,५०,००० रुपये

एकूण १०,००,००० रुपये. पैकी ४ लाख घरची शिल्लक व ६ लाख कर्ज. जाहिरातीत बहुधा पहिल्या दोन रकमाच ठळकपणे दिलेल्या असतात. राखीव रकमेचा उल्लेख क्वचितच असतो. कित्येक दुकाने विक्री वाढण्याआधीच खेळते भांडवल संपल्याने बंद करावी लागतात, म्हणून ही शेवटची रक्कम सोडू नये.

आता दरमहाचा ठरलेला खर्च पाहू. भाडे ८,०००, एक व्यवस्थापक व एक मदतनीस यांचे वेतन ३८,०००, वीज व गॅस ९,०००, किरकोळ, परवाने व हिशेबनीस ३,०००, एकूण ५८,००० रुपये. वेतन हे प्रचलित किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. सहा लाखांचे कर्ज वार्षिक १२ टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडावयाचे असल्यास मासिक हप्ता सुमारे १३,३५० रुपये येतो. म्हणजे विक्री होवो वा न होवो, दरमहा ७१,३५० रुपये द्यावेच लागतात.

विक्रीच्या प्रत्येक रुपयात ५० पैसे मालाचे, ६ पैसे रॉयल्टी व तीवरील कराचे आणि २ पैसे नासधुशीचे गेले, तर ४२ पैसे उरतात. ७१,३५० रुपये भागविण्यास दरमहा सुमारे १,६९,९०० रुपयांची विक्री हवी. वर्षाची ही विक्री २०,३८,८०० रुपये होते. येथेच एक नवी बाब उपस्थित होते. उपाहारगृहाचा व्यवहार वस्तू व सेवा कर कायद्यात सेवा समजला जातो व सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे. ती ओलांडताच नोंदणी करून ५ टक्के कर भरावा लागतो. चहाचा दर मूळ संस्थेने करासह ठरविलेला असल्यास हा कर दुकानदाराच्या वाट्यातून जातो व रुपयामागे सुमारे ३७ पैसेच उरतात. मग खर्च भागविण्यासाठी लागणारी विक्री १,९२,८०० रुपयांवर जाते. दिवसाला ही सुमारे ६,४३० रुपये झाली. सरासरी ग्राहक २५ रुपये खर्च करीत असेल, तर दररोज २५७ ग्राहक हवेत. श्रावणात, आषाढाच्या पावसात आणि सुगीच्या धावपळीतही.

विक्री दिवसाला ३०० ग्राहकांपर्यंत गेली तर मासिक विक्री २,२५,००० रुपये होते व सर्व खर्च जाऊन सुमारे ११,९०० रुपये उरतात. घरच्या चार लाखांवर बँकेत साडेसहा टक्के दराने दरमहा सुमारे २,१७० रुपये व्याज मिळाले असते. ते वजा करावे. मालकाने रोज तीन तास याप्रमाणे महिन्यात ७८ तास दिले असतील, तर त्याच्या श्रमाचा मोबदला तासाला सुमारे १२५ रुपये पडतो. हा मोबदला पुरेसा आहे किंवा नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

आणि विक्री अपेक्षेपेक्षा कमी, समजा १,४५,००० रुपये झाली तर? वार्षिक विक्री २० लाखांच्या आत राहिल्याने रुपयामागे ४२ पैसे, म्हणजे ६०,९०० रुपये मिळतील व दरमहा १०,४५० रुपये कमी पडतील. ही तूट पगारातून भरली की घरखर्चास २१,५५० रुपये राहतात. येथे नोकरदाराची विशेष अडचण दिसते. पगार चालू असल्याने तूट भरून काढता येते, म्हणून तोट्याचे दुकान बंद करण्याचा निर्णय लांबत जातो. शिवाय आयकराच्या नियमाप्रमाणे व्यवसायातील तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तो पुढील वर्षांच्या व्यवसाय-उत्पन्नातूनच वळता होतो. यास्तव दुकान उघडण्यापूर्वीच एक मर्यादा लिहून ठेवावी: इतके महिने, इतकी रक्कम, त्यापुढे नाही.

मुद्रा योजनेखाली लहान व्यवसायास तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. तथापि तारण नसणे म्हणजे परतफेड नसणे नव्हे. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम, घराचे गहाणखत व स्त्रियांचे दागिने या तीन गोष्टी भांडवलात घालू नयेत.

कराराचे वाचन

अमेरिकेत १९७९ पासून केंद्रीय व्यापार आयोगाचा फ्रँचायझीविषयक नियम अमलात आहे. त्यानुसार पैसे घेण्यापूर्वी अथवा सही करण्यापूर्वी किमान १४ दिवस आधी मूळ कंपनीने आपले न्यायालयीन दावे, सर्व शुल्के व बंद पडलेली केंद्रे यांची माहिती लेखी द्यावी लागते. भारतात फ्रँचायझीकरिता असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा व १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच सारा व्यवहार चालतो. साहजिकच जी माहिती तेथे कायदा मिळवून देतो, ती येथे ग्राहकाने स्वतः मागितली पाहिजे. खोटी माहिती देऊन करार करविल्यास तो रद्द करून घेण्याचा हक्क करार कायद्याने दिला आहे. पण तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण असते. म्हणून विक्रीचे व नफ्याचे जे आकडे सांगितले जातील ते लेखी घ्यावेत.

करारात पुढील बाबी विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात.

१. व्यापारचिन्ह मूळ संस्थेच्या नावे नोंदलेले आहे काय.

२. किती अंतरात दुसरे केंद्र दिले जाणार नाही. हिंडलगा व उचगाव येथे एकाच नावाची दोन दुकाने झाल्यास दोघांचेही नुकसान होईल.

३. रॉयल्टी नफ्यावर नसून विक्रीवर असते. तोट्यातही ती द्यावी लागते.

४. माल मूळ संस्थेकडूनच घेण्याची सक्ती असल्यास त्याचा दर कोण व कसा वाढविणार.

५. मुदत किती, नूतनीकरणाचे शुल्क किती आणि त्या वेळी सजावट पुन्हा करावी लागेल काय.

६. अनामत केव्हा व कोणत्या कपातीने परत मिळेल.

७. वाद पुणे, मुंबई की बेळगाव येथे चालेल. दूरच्या ठिकाणी दावा चालविणे लहान माणसास परवडत नाही.

दुसरा धंदा न करण्याची अटही वाचावी. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यापारास प्रतिबंध करणारा करार शून्य असतो. परंतु गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न हाताळण्याची अट ग्राह्य धरली. तसेच मोठेपणा हे संरक्षण नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. मॅकडोनाल्ड्‌सने २०१७ मध्ये उत्तर व पूर्व भारतातील १६९ उपाहारगृहांचा फ्रँचायझी करार संपुष्टात आणला. तो वाद २०१९ मध्ये मिटला. मोठ्या भागीदाराला वकील व वेळ दोन्ही परवडतात. एका दुकानाच्या मालकाने मात्र नाव काढून घेतले गेल्यास आपल्या जागेचे व उपकरणांचे काय करता येईल, हे आधीच योजावे.

खोट्या जाहिरातींपासून सावधगिरी

प्रसिद्ध नावांच्या बनावट संकेतस्थळांद्वारे फ्रँचायझी शुल्क उकळण्याचे प्रकार घडले आहेत. अमूलच्या नावाने अशी संकेतस्थळे चालविली गेल्यावर गुजरात सहकारी दूध विपणन महासंघास २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले व न्यायालयाने ती बंद करण्याचे आदेश दिले. व्यक्तीच्या खात्यावर आगाऊ पैसे मागणे, आजच भरा अन्यथा जागा जाईल अशी घाई करणे आणि प्रत्यक्ष कार्यालयात भेटण्याचे टाळणे ही फसवणुकीची ठळक लक्षणे होत. पैसे भरण्यापूर्वी मूळ संस्थेच्या कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करावी.

सीमाभागातील विशेष बाबी

उचगावातील दुकान कर्नाटकाच्या कायद्याखाली येते. मूळ संस्था पुण्याची असली तरी यात फरक पडत नाही. ग्रामपंचायतीचा परवाना, १९६१ च्या कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना अधिनियमाखालील नोंद आणि खाद्यपदार्थ असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे. फलकांसंबंधी कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. मूळ संस्थेचा ठरावीक फलक तसाच लावता येईल असे समजू नये व त्याचा खर्च कोणी करावयाचा हे करारात लिहून घ्यावे. मालाच्या व्यापारात आणखी एक भेद आहे. येथून शिनोळीस माल विकून पोहोचता केल्यास ती आंतरराज्य विक्री ठरते. अशी विक्री करणाऱ्यास उलाढाल कमी असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः करावी लागते व आपसमेळ योजनेचा लाभ मिळत नाही.

ग्राहकांच्या आवडीचाही विचार हवा. या भागात कर्नाटकाचे नंदिनी व कोल्हापूरचे गोकुळ ही दोन्ही नावे घरोघरी परिचित आहेत. शहरात गाजलेले नवे नाव येथे तितकेच चालेल, असे गृहीत धरू नये. फाट्यावर एक आठवडा बसून सकाळ-संध्याकाळ येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजणी करावी. या मोजणीस काही खर्च येत नाही.

निर्णयाची रीत

सारांश, चार गोष्टी जुळल्या तरच पुढे जावे: नोकरीच्या ठिकाणची लेखी अनुमती किंवा कुटुंबीयाचा खराखुरा स्वतंत्र व्यवसाय, दिवसा दुकानात बसणारी भरवशाची व्यक्ती, निम्मी विक्री गृहीत धरूनही सहा महिने घरखर्च चालेल इतकी शिल्लक, आणि वकिलाने वाचलेला करार. त्याच संस्थेच्या किमान तीन केंद्रचालकांना, आणि शक्य तर केंद्र बंद केलेल्या एकाला, प्रत्यक्ष भेटावे. यांपैकी एखादी गोष्ट नसल्यास वर्षभर थांबण्यात हानी नाही. त्या काळात सुटीच्या दिवशी एखाद्या चालू दुकानात काम करून धंदा शिकता येतो, किंवा घरच्या पदार्थांची लहान प्रमाणावर विक्री करून आपल्याच नावाची परीक्षा घेता येते. निवृत्ती जवळ आली असेल, तर तोवरचा काळ तयारीसाठी उपयोगात आणणे अधिक श्रेयस्कर.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. एजन्सी व फ्रँचायझी यांतील तीन भेद सांगा.

२. वरील उदाहरणात भाडे ८,००० ऐवजी १२,००० रुपये झाल्यास, रुपयामागे ३७ पैसे उरतात असे धरून, खर्च भागविण्यासाठी दररोज किती ग्राहक लागतील?

३. आपल्या गावातील एका चालू दुकानाची एका दिवसाची ग्राहकसंख्या मोजा व वरील २५७ या आकड्याशी तिची तुलना करा.

४. पत्नीच्या नावे घेतलेला व्यवसाय केव्हा नियमाला धरून असतो व केव्हा नसतो, यावर चर्चा करा.